होज गुंडाळायला शिकतोय

प्रिय दोस्ता,

तुझा मेसेज वाचला, लगेच रिप्लाय टाइप करायला घेतला पण चार ओळीत मावेना म्हणून आता नीट पत्रच लिहायला बसलोय. तू विचारलंस की पाइप धरायचा नि पाणी मारायचं, त्यात एवढं महिना-महिना शिकण्यासारखं काय असतं. अग्निशमन दलात भरती व्हायच्या आधी मलाही अगदी असंच वाटायचं रे. पण खरं सांगू, पहिल्या आठवड्यात आम्हाला पाण्याचा थेंबसुद्धा दाखवला नाही. नुसता कोरडा होज (म्हणजे आग विझवायचा तो लांब पाइप), तो उलगडायचा, पळत न्यायचा, जोडायचा, सोडवायचा आणि परत गुंडाळायचा. दिवसभर तेच.

गुंडाळायची पण पद्धत असते. आधी होज सरळ अंथरायचा, कुठे पीळ राहिला नाही ना बघायचं, मग मधोमध दुमडून एकावर एक ठेवायचा, वरचं कपलिंग (दोन होज एकमेकांत अडकवायचा धातूचा जोड) खालच्यापेक्षा साधारण मीटरभर अलीकडे घ्यायचं आणि दुमडलेल्या टोकाकडून घट्ट गुंडाळत यायचं. एक जण गुंडाळतो, दुसरा पुढे उभा राहून वरचा पदर खालच्यावर बरोबर बसवत जातो. असं केलं की दोन्ही कपलिंगं बाहेरच्या बाजूला शेजारी-शेजारी येतात, आणि वेळ आली की ती दोन्ही हातात पकडून गुंडाळी पुढे भिरकावली की होज सरसर उलगडत जातो. पण गुंडाळताना आत एक जरी पीळ राहिला ना, तर पाणी सोडल्यावर तिथेच मुरड पडते आणि पुढे पाण्याची नुसती बारीक धार लागते.

पाणी आल्यावर तर सगळं चित्रच बदलतं. कोरडा होज खांद्यावर टाकून पळता येतं, पण ६३ मिलिमीटरचा १५ मीटर लांब होज भरला की आत जवळजवळ ४७ लिटर पाणी असतं, म्हणजे तेवढे किलो, आणि असे तीन जोडलेत तर हिशोब तूच कर. म्हणून आधी कोरडा असतानाच पुढे हवा तेवढा होज वळणं देऊन मोकळा टाकून ठेवायचा आणि मगच "वॉटर ऑन" म्हणायचं. भरल्यावर तो कोपऱ्यावरून ओढत बसलास तर जीव जातो.

आणि ब्रांच. (ब्रांच म्हणजे होजच्या टोकाचा तो धातूचा भाग जिथून पाणी बाहेर पडतं.) २० मिलिमीटरचं नोझल (ब्रांचचं तोंड) आणि ७ बार (दाबाचं माप) प्रेशर असेल तर पाणी जेवढ्या जोरात पुढे जातं तेवढंच तुला मागे ढकलतं, साधारण ४५ किलोचा रेटा बसतो, आणि तो एका धक्क्यात संपत नाही, पाणी चालू आहे तोवर छातीवर तसाच असतो. एक पाय पुढे, गुडघा वाकवलेला, अंग पुढे झुकलेलं, होज काखेत दाबलेला, आणि मागे दुसरा माणूस होज धरून तो रेटा अर्धा आपल्या अंगावर घेतो. मागचा नीट उभा असला की पुढच्याला फक्त नेम धरायचं काम उरतं. ब्रांच उघडायची हळू आणि बंद करायची त्याहून हळू, कारण खाडकन बंद केली तर वाहतं पाणी जागीच अडतं, त्याचा हादरा उलटा मागे जातो आणि होज फुटू शकतो, पंपाला पण मार बसतो. आणि हातातून सुटलीच तर तिच्या मागे धावायचं नाही, लांब व्हायचं आणि पंपावरून पाणी बंद करायला लावायचं. सुटलेली ब्रांच एखाद्याचं डोकं फोडेल एवढ्या ताकदीने आपटत असते.

आता तुला एक गोष्ट सांगतो, ती अजून डोक्यातून जात नाहीये. चौथ्या आठवड्यात संध्याकाळी होज आवरायचं काम माझ्याकडे होतं. दमलो होतो, मस्त घट्ट गुंडाळले, रॅकवर लावले आणि गेलो. सकाळी दुसऱ्या तुकडीचं ड्रिल होतं, वेळ लावून. त्यांनी तोच होज उचलला, कपलिंग जोडलं, टक् असा आवाज पण आला, पाणी सोडलं आणि त्या जोडातून पंख्यासारखं चहूबाजूंनी पाणी उडायला लागलं. पुढे ब्रांचवरचा मुलगा ओरडतोय प्रेशर नाही, प्रेशर नाही, आणि त्याच्या हातात धार अशी लोंबतेय. शेवटी पाणी बंद करून अख्खा होज बदलावा लागला. फिमेल कपलिंगच्या (ज्यात दुसऱ्या होजचं कपलिंग आत बसतं त्याच्या) आतला रबरी वॉशर नव्हता. कधी पडला देव जाणे, पण मी आवरताना बघितलं नव्हतं हे नक्की.

सर ओरडले नाहीत. त्यांनी ते कपलिंग माझ्या हातात दिलं, माझं बोट धरून आतल्या खाचेतून गोल फिरवलं, रिकामी खाच, गार धातू. मग वॉशर बसवला आणि परत बोट फिरवायला लावलं. एवढंच. बोलले फक्त एक वाक्य, "हा होज तू नाही उघडणार, दुसरा कोणीतरी उघडणार." तेव्हापासून एकही होज मी बोट न फिरवता ठेवत नाही. रात्री झोपताना पण कधीकधी बोटाला ती खाच जाणवते.

शिडीचं पण तेच आहे बघ. लांबवायची १०.५ मीटरची शिडी आम्ही चौघं मिळून उचलतो, उभी करायच्या आधी वर विजेच्या तारा आहेत का बघतो, मग दोरी ओढून वरचा भाग चढवतो. तेव्हा बोटं दांड्यांच्या (शिडीच्या पायऱ्यांच्या) मधे चुकूनही जाता कामा नयेत, आणि वरचा भाग अडवून धरणारे दोन्हीकडचे खटके दांड्यावर बसले की नाही ते डोळ्यांनी बघायचं, आवाजावर विश्वास नाही. उंचीच्या पाव भाग अंतर पायथ्याशी सोडायचं, म्हणजे ८ मीटरवर टेकवली तर पाया भिंतीपासून २ मीटर, मग कोन साधारण ७५ अंशांचा येतो. चढताना हातांनी ओढायचं नाही, पायांनी ढकलायचं, नजर समोर. वर काम करायचं असेल तर एक पाय दांड्यावरून पलीकडे टाकून खालून पाऊल परत अलीकडे आणायचं आणि बाजूच्या पट्टीला अडकवायचं, की दोन्ही हात मोकळे. पहिल्यांदा हात सोडले तेव्हा पोटात गोळा आला होता रे, खाली बघितलं तर शिडीच्या पायाशी आमच्यातलाच एक जण दोन्ही हातांनी शिडी धरून, पाऊल रोवून उभा. तो वर बघत पण नव्हता, नुसता शिडी धरून होता. मग सोडला दुसरा पण हात.

उद्या शिडीवरून भरलेला होज चालवायचं ड्रिल आहे, वर कोण जाणार यावर सगळ्यांची चढाओढ. मी खाली शिडी धरायला नाव दिलंय. होज मात्र मीच आणणार रॅकवरून, आज संध्याकाळी सगळी कपलिंगं तपासून ठेवलीत.

हाताला फोड आलेत म्हणून अक्षर असं झालंय, समजून घे. सुट्टी मिळाली की येतो तुझ्याकडे. आणि तू पण लिही, मेसेज नको, पत्रच.

तुझाच,
मी