हप्ता बिनव्याजी, पण फुकट नव्हे

महोदय,

सणासुदीच्या खरेदीवरील आपल्या लेखात बिनव्याजी हप्त्यांची जी भलामण केली आहे, ती पटली नाही. घरखर्च भागून महिन्याला चार हजार रुपये उरत असतील, तर चोवीस हजारांच्या फोनचा दोन हजारांचा हप्ता वर्षभर निम्मी शिल्लक अडकवून ठेवतो. म्हणजे त्या फोनची खरी किंमत त्यापायी थांबलेली आवर्ती ठेव किंवा लांबणीवर पडलेली आजोबांची कवळी ही असते. अर्थशास्त्रात यालाच संधिव्यय म्हणतात. आमच्या आईच्या वाणसामानाच्या वहीत तो न शिकताच मांडला जाई: दिवाळीला डालड्याऐवजी तूप आले, की यादीतली चहापूड अर्ध्या किलोवरून पाव किलोवर येई.

शिवाय, शून्य टक्के व्याज ही संकल्पनाच अस्तित्वात नाही, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते. व्याज बहुधा प्रक्रिया शुल्कात किंवा रोखीने घेतल्यास मिळाली असती त्या सवलतीत दडलेले असते. लेखातील कोष्टकात हप्त्यांचे आकडे होते, रोखीच्या भावाचा रकाना तेवढा राहिला.

– एक वाचक, सातारा