भवानी पेठेतल्या वखारीच्या मिस्त्रीकाकांना

मिस्त्रीकाका,
सप्रेम नमस्कार.

तुमचा पत्ता माझ्याकडे नाही. वखारीत चौकशी केली, तर काम सोडून तुम्ही गावी गेलात एवढंच कळलं. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय. ओळखीच्या कुणीतरी ते तुम्हाला वाचून दाखवावं.

मी झोपाळ्यासाठी सागवान शोधत टिंबर मार्केटात आलो होतो. त्याआधी एका दुकानातून ‘पक्का साग’ म्हणून आणलेल्या फळ्या दोन महिन्यांत पिळल्या होत्या, आणि एकीतून पिठासारखा भुसा गळत होता. तिचा तुकडा तुम्हाला दाखवला. तुम्ही त्यावर एकदाच रंधा मारलात. वरचा तपकिरी रंग निघून गेला, खाली पांढरं लाकूड. “हा सालीकडचा भाग. भुंगा हाच खातो. तुम्ही गाभा बघून घ्या,” म्हणालात.

तुमच्याच वखारीत नवा माल रचलेला होता. तो मला विकता आला असता. पण तो अजून ओला आहे, इंचभर जाडीला वर्षभर सावलीत वाळवण लागते, असं सांगून तुम्ही मला जुन्या वाड्याच्या उतरवलेल्या लाकडाकडे पाठवलंत. पाठवलंत कसलं, रविवारी स्वतः आलात. तुळईच्या दोन्ही टोकांवर सरळ पट्ट्या आडव्या ठेवून, एका डोळ्याने बघून पीळ कसा ओळखायचा, ते तिथे शिकलो. हिशोबही तुम्हीच शिकवलात: जाडी नि रुंदी इंचात, लांबी फुटात, गुणाकाराला 144 ने भागलं की घनफूट. दीड इंच जाड, सात इंच रुंद, पाच फूट लांब अशा तीन फळ्या म्हणजे सव्वा घनफुटाच्याही आत. आधीच्या दुकानात माझ्याकडून किती जास्त पैसे घेतले, ते तेव्हा समजलं.

मग ती लोहचुंबकाची गोष्ट. खिळा लागला तर करवतीचं पातं जातं, म्हणून तुम्ही तासभर तुळईवरून चुंबक फिरवत बसलात. अकरा खिळे निघाले, प्रत्येकाभोवती लाकूड काळं पडलेलं. पहिली फळी चिरून पडली तेव्हा चामड्यासारखा तेलकट वास आला. इतकी वर्षं छतात राहून तो तसाच होता. तुम्ही फळीवर हात ठेवून काही न बोलता उभे राहिलात. ते मी विसरणार नाही.

खालच्या आडव्या पट्ट्यांना स्क्रूची भोकं लांबट ठेवा, पावसाळ्यात लाकूड रुंदीत फुगतं, म्हणाला होतात. तशीच ठेवली. पावसाळा गेला, फळी सपाट आहे, सांधे बंद आहेत. आई रोज दुपारी त्यावर बसते.

तुम्ही माझ्याकडून चहाशिवाय काही घेतलं नाहीत. उरलेल्या तुकड्यातून एक पाट केलाय, तेलाचा हात देऊन. वखारीत तुमच्यासाठी ठेवलाय.

तुमचा,
झोपाळेवाला