तक्रार: आउटर माउंटन लूपच्या आराखड्यातला पाण्याचा चुकीचा हिशोब

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

महोदय/महोदया,

टेक्सासमधल्या बिग बेंड राष्ट्रीय उद्यानातील आउटर माउंटन लूप या वर्तुळाकार पायवाटेचा (सुमारे 48 किमी) तीन दिवसांचा आराखडा तुमच्याकडून विकत घेतला. त्यातला पाण्याचा हिशोब जिवावर बेतू शकतो, म्हणून हे पत्र.

आराखडा माणशी रोज 2 लिटर धरतो आणि उरलेले वाटेत भरून घ्यायला सांगतो: पहिल्या दिवशी बूट स्प्रिंग या झऱ्याला, दुसऱ्या दिवशी फ्रेस्नो क्रीक या ओढ्याला. दोन्ही जागा पावसावर अवलंबून. कोरड्या दिवसांत तिथे ओली वाळूसुद्धा मिळेल याची खात्री नाही. उद्यान प्रशासन माणशी रोज 1 गॅलन, म्हणजे जवळपास 4 लिटर, सांगते आणि झऱ्यांच्या भरवशावर निघू नका असे बजावते. तीन दिवसांचे 12 लिटर झाले.

होमर विल्सन रँचला आधी पाणी ठेवून या, हा सल्ला बरोबर आहे. पण तुमचा मार्ग चिसोस बेसिनपासून पिनॅकल्स, जुनिपर कॅन्यन आणि डॉडसन या वाटांनी जातो. रँच येते ती डॉडसन संपल्यावर. म्हणजे पहिल्या दोन दिवसांचे 8 लिटर, अर्थात 8 किलो, पाठीवरच न्यावे लागतात. तुमच्या सामानाच्या यादीत पाण्याचे वजन 4 किलो आहे! डॉडसनची वाट सुमारे 18 किमी, उघडी, जवळजवळ बिनसावलीची. पाणी कमी पडले की फटका नेमका तिथेच बसतो. जुनिपर कॅन्यनच्या पायथ्याशीही पाणी ठेवता येते, पण तिथल्या कच्च्या रस्त्याला जमिनीपासून तळ उंच असलेली गाडी लागते. याचा आराखड्यात उल्लेखच नाही.

शिवाय 'कॅन झुडपाआड लपवा' ही सूचना साफ चुकीची आहे. जनावरे प्लास्टिक कुरतडतात आणि पाणी वाळूत जाते. रँचवर त्यासाठीच धातूच्या पेट्या आहेत. कॅनवर मार्करने नाव आणि परत नेण्याची तारीख ठळक लिहायची, रिकामे कॅन परत आणायचे, एवढे तरी छापा.

आराखडा दुरुस्त होईपर्यंत त्याची विक्री थांबवा. ज्यांनी तो घेतला आहे त्या सर्वांना आजच ईमेलने कळवा. कोणी उद्याच निघणार असेल. माझे पैसे पूर्ण परत करा. 15 दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे.

आपला,
एक ग्राहक