‘कोळी’ शोधलं की ‘केळी’ का येतात

नौपाडा, ठाणे
रविवार

प्रिय सुहास,

सोसायटीच्या वाचनालयाची यादी वेबवर आणायचं मनावर घेतलंस, फार बरं वाटलं. कुणी सांगितलेलं नसताना केलेलं काम आहे, म्हणून ते नीटच व्हावं असं मला वाटतं. एसक्यूलाइट (सगळा डेटा एकाच फाईलमध्ये ठेवणारा डेटाबेस) निवडलंस तेही योग्य. दीड हजार पुस्तकांसाठी वेगळा डेटाबेस सर्व्हर लागत नाही. फक्त साइट चालू असताना फाईलची नुसती कॉपी मारू नकोस. अर्धवट लिहिलेला डेटा उचलला जाऊ शकतो. डॉट बॅकअप ही कमांड वापर.

आता तुझी मुख्य अडचण. ‘कोळी’ टाकलं की ‘केळी’ आणि ‘काळे’सुद्धा येतात. तुझ्या कोडमध्ये चूक नाही. एफटीएस-५ (एसक्यूलाइटची मजकूर शोधायची सोय) याचा नेहमीचा टोकनायझर, म्हणजे मजकुराचे शब्द पाडणारा भाग, युनिकोड६१, फक्त अक्षरं आणि अंक यांनाच शब्दाचा भाग मानतो. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्त हे युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या यादीत) ‘मार्क’ या वर्गात पडतात आणि त्याच्या लेखी ती शब्द तोडायची जागा ठरते. मग ‘कोळी’चे उरतात दोन तुकडे, क आणि ळ. ‘केळी’चेही तेच. चेंदणी कोळीवाड्यावरचं पुस्तक शोधणाऱ्याला केळीच्या लागवडीचं पुस्तक मिळतं ते यामुळे.

उपाय एका ओळीचा आहे. टेबल बनवताना टोकनायझरच्या ‘कॅटेगरीज’ पर्यायात एल (अक्षरं), एन (अंक) आणि सीओ या आधीपासूनच्या वर्गांच्या जोडीला एम (मार्क) हा वर्ग घाल, पुढे तारांकन देऊन. काही जण मार्कचा नुसता एमएन हा उपवर्ग घालतात. तेवढ्याने भागत नाही, कारण काना आणि वेलांट्या एमसी या उपवर्गात आहेत. आणि तयार टेबलाचा टोकनायझर बदलता येत नाही. टेबल टाकून नव्याने बांधायचं, पुन्हा भरायचं.

यानंतर खरी मेहनत आहे ती ‘ऱ्य’ची. ‘वाऱ्यावर’ हा शब्द पडद्यावर एकच दिसतो, पण आत तो दोन तऱ्हांनी साठलेला असतो. एकात नुक्त्याचा ऱ आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मागे न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर (अक्षरांची जोडणी ठरवणारं चिन्ह). कीबोर्डप्रमाणे हे बदलतं. एनएफसी नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी साठवण एका ठरावीक रूपात आणणं) केलंस तर र आणि सुटा नुक्ता जोडून ऱ होतो, पण जॉइनरवालं रूप तसंच राहतं. शिवाय जॉइनर हा मार्कही नाही, त्यामुळे वरचा उपाय करूनही शब्द तिथे तुटतोच. म्हणून क्रम असा ठेव: आधी एनएफसी, मग ‘र, हलन्त, जॉइनर’ दिसेल तिथे ‘ऱ, हलन्त’, आणि शेवटी उरलेले जॉइनर आणि नॉन-जॉइनर (जोडणी रोखणारं तसंच न दिसणारं चिन्ह) काढून टाक. हे शोधाच्या वेगळ्या कॉलमात कर. दाखवायचं नाव जसंच्या तसं राहू दे, नाहीतर कुणी मुद्दाम जपलेलं अर्धं अक्षर बिघडेल. वाचकाने टाकलेला शब्दही त्याच फंक्शनमधून जायला हवा. हे राहिलं की सगळी मेहनत वाया.

ज्यांनी टंकताना ‘ऱ्य’ऐवजी सरळ रफार (‘र्य’) दिला आहे, त्यांच्या नोंदी मात्र डोळ्यांनीच तपासाव्या लागतील. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे दोन वेगळे शब्द आहेत, तिथे नियम चालवायचा नाही.

‘ॲ’चंही तसंच. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आलं. त्याआधीचा मजकूर अ आणि सुटा चंद्र असा असतो, काही ठिकाणी ‘ऍ’. एनएफसी यांना एक मानत नाही. तिन्हींचं एकच रूप कर.

विभक्तीसाठी फार खोलात जाऊ नकोस. ‘ठाणे’ शोधणाऱ्याला ‘ठाण्यातील तलाव’ मिळायला हवं, पण सामान्यरूपात शेवटचा स्वर बदलतो. शेवटची मात्रा काढून ‘ठाण’पुढे तारांकन (म्हणजे ‘पुढे काहीही चालेल’) दिलं की ठाणे, ठाण्यात, ठाण्याची हे सगळं येतं. तुर्भे, रबाळे, कोपरखैरणे यांनाही हेच लागू. ठाणेदारही सापडेल, ते चालेल.

पुस्तकाचं नाव त्याच्या वेब पत्त्यात (लिंकमध्ये) घालू नकोस, वाचनालयाचा दाखल क्रमांक घाल. ‘ठाणे’ म्हणजे दिसायला दोन अक्षरं, युनिकोडचे ४ कोड पॉइंट (क्रमांक), यूटीएफ-८ मध्ये १२ बाइट आणि लिंक कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकली की टक्क्यांच्या चिन्हांची ३६ अक्षरांची माळ. लोक ती बघून लिंक उघडतच नाहीत.

पण क्रमांकातही एक खाच आहे. कुणी ‘१२५’ मराठीत टंकलं तर पायथनचं इंट (मजकुराचा आकडा करणारं फंक्शन) ते मुकाट स्वीकारतं आणि जावास्क्रिप्टचं नंबर मात्र ‘नॅन’ (‘हा आकडा नाही’) देतं. सर्व्हरवर चालतं, ब्राउझरमध्ये अडतं. अंक आत येतानाच इंग्रजी करून घे.

दिसण्याबद्दल दोनच गोष्टी. लेटर स्पेसिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) शून्यच ठेव, नाहीतर शिरोरेखा तुटते. आणि पानाची भाषा सांगायच्या जागी ‘एमआर’ (मराठीचा कोड) लिही. ज्या फॉन्टात सोय आहे, तिथे आपल्या वळणाचे ल आणि श त्यामुळेच मिळतात. शाळेत पाटीवर गिरवलेला ल मुलांना पडद्यावरही दिसावा.

टेबल नव्याने बांधलंस की ‘कोळी’, ‘वाऱ्यावर’, ‘ॲसिड’ आणि ‘तुर्भे’ हे चार शब्द टाकून बघ, आणि फाईल मला पाठव. रफाराच्या नोंदी निम्म्या मी तपासतो.

तुझा,
मकरंद