वडिलांच्या नावाने एक वस्तू चालती ठेवा

सर्व ग्रामस्थ, माहेरवाशिणी आणि मुंबई-पुण्याचे चाकरमानी यांना सप्रेम नमस्कार.

गणपती गेले की म्हाळाचा पंधरवडा येतो. वडिलांच्या नावाने गावासाठी काही करावं, अशी इच्छा या दिवसांत अनेक जण बोलून दाखवतात आणि बहुतेकांच्या मनात नवी खाट किंवा नवी व्हीलचेअर असते. त्या भावनेचा आम्हाला आदर आहे. पण रुग्णांना घरी वापरायला साहित्य देणाऱ्या मंडळाच्या रुग्णसाहित्य केंद्राला आज नव्या वस्तूपेक्षा दोन गोष्टी जास्त हव्यात. एक म्हणजे वडिलांच्या आजारपणात घेतलेलं आणि आता बंद घरात पडून असलेलं साहित्य. दुसरी म्हणजे ते चालू ठेवायला लागणारे सुटे भाग.

सगळ्यात आधी ऑक्सिजन काँसन्ट्रेटरबद्दल, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा करून रुग्णाला देणाऱ्या मशीनबद्दल. कोकणच्या पावसाळ्यात हे मशीन न वापरताच खराब होतं. त्याच्या आत झिओलाइट नावाच्या खनिजाचे दाणे असतात. ते हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात आणि ऑक्सिजन पुढे सोडतात. हेच दाणे ओलावाही शोषून घेतात. दमट खोलीत महिनोन्महिने बंद राहिलेलं मशीन चालू केलं की घरघर नेहमीसारखीच येते, नळीतून हवाही येते, पण तिच्यात ऑक्सिजन पुरेसा नसतो. चांगल्या मशीनमधून ९० ते ९६ टक्के शुद्धतेचा ऑक्सिजन मिळतो. तो किती येतोय हे हाताला किंवा कानाला कळत नाही, मोजावाच लागतो. म्हणून जमलेल्या देणगीतून पहिली खरेदी ऑक्सिजन अ‍ॅनालायझरची, म्हणजे हे मोजणाऱ्या यंत्राची होईल. तपासल्याशिवाय एकही मशीन कोणाच्या घरी जाणार नाही.

तेव्हा काँसन्ट्रेटर असेल तर थांबू नका, या गणपतीतच आणा. गाडीत तो उभाच ठेवा, आडवा घालू नका. पाण्याची बाटली रिकामी करून वेगळी बांधा. नाकातली नळी आणू नका, ती दुसऱ्या रुग्णाला वापरत नाहीत.

बाकीच्या वस्तूंची घाई नाही. बाबा ज्या खाटेवर होते ती खाट लगेच दुसऱ्याच्या दारात जाताना पाहणं जड जातं, हे आम्ही जाणतो. वर्षश्राद्ध झाल्यावर दिलीत तरी चालेल. तोवर ती नीट ठेवा एवढीच विनंती.

फाउलर खाटेची, म्हणजे हँडल फिरवून वर-खाली होणाऱ्या दवाखान्यातल्यासारख्या खाटेची, पाठ आणि गुडघ्याकडचा भाग पूर्ण खाली करा, हँडल आत वळवा आणि खालच्या लांब स्क्रूला ग्रीस लावा. स्क्रू कोरडा राहून गंजला की लोक हँडलवर जोर काढतात आणि आतल्या नटाचे आटे जातात. उचललेल्या पाठीवर कोणी टेकून बसलं तरी तेच होतं. खाट सोडवलीत तर नट-बोल्ट पिशवीत घालून सांगाड्यालाच बांधा. ही पिशवी हरवली की चांगली खाट निव्वळ भंगार होते.

एअर बेड, म्हणजे पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून अंथरायची पंपाच्या हवेवरची गादी, ओल्या फडक्याने पुसून सावलीत पूर्ण वाळवा, हवा काढा, टाल्कम पावडर भुरभुरा आणि गुंडाळून ठेवा. घडी घातली तर घडीवरच चीर पडते. पंप आणि नळ्या झाकणाच्या डब्यात ठेवा, नाहीतर उंदीर नळ्या कुरतडतात.

आत्ता ज्यांच्या घरी कोणी अंथरुणाला खिळलेलं आहे त्यांच्यासाठीही इथेच सांगतो: एअर बेड साध्या गादीवर अंथरायचा आणि वर एकच पातळ चादर. जाड गोधडी घातली की त्याचा उपयोग संपतो. रुग्णाच्या कमरेखाली बेडच्या खालून हात घालून पाहा; हाडाचा भार थेट हाताला लागला तर हवा कमी आहे. आणि बेड असला तरी दर २ तासांनी कूस बदलावीच लागते. लाइट गेली की पंप थांबतो, तेव्हा तर नक्कीच.

सुट्या भागांची आजची गरज अशी आहे: एअर बेडचे पंप ४, खाटेची ब्रेकवाली चाकं ८, व्हीलचेअरच्या मागच्या २४ इंची चाकांचे टायर-ट्यूब ६ जोड, वॉकरची रबरी बुचं ४० आणि काँसन्ट्रेटरसाठी स्टॅबिलायझर १. बुचं किरकोळ वाटतात, पण झिजलेलं बूच ओल्या लादीवर घसरतं आणि सावरू लागलेला माणूस पुन्हा पडतो. व्हीलचेअरचे टायर आपल्या जांभ्याच्या पायऱ्या आणि खडी खातात. पायरीला उतरतं फळकूट लावायचं असेल तर ६ इंच उंचीला निदान ६ फूट लांबी धरा, त्याहून उभं असलं की खुर्ची मागे कलंडते.

उघडलेली औषधं, वापरलेल्या लघवीच्या पिशव्या, कॅथेटर (लघवीची नळी), नाकातून अन्न देण्याच्या नळ्या आम्ही घेत नाही. सीलबंद आणि मुदतीतले डायपर, अंडरपॅड जरूर द्या.

पैशाची अडचण असेल तर हात द्या. वेल्डिंग, सायकल दुरुस्ती किंवा विजेचं काम जाणणाऱ्यांचा महिन्यातला एक रविवार हवा आहे. एक खाट वाडीवर चढवायला चार माणसं लागतात. गणपतीला मोकळा टेम्पो येत असेल तर मुंबईत पडून असलेल्या खाटा त्यात येऊ शकतील.

जी वस्तू तुम्ही वर्षभर सांभाळाल, म्हणजे तिच्या दुरुस्तीचा खर्च उचलाल, तिच्यावर वडिलांच्या नावाची पट्टी राहील. वस्तू जुनी असली किंवा दुसऱ्या कोणी दिलेली असली तरी. दरवर्षी वडिलांच्या तिथीला ती कुठल्या वाडीत होती आणि काय दुरुस्त केलं हे तुम्हाला लेखी कळवू. रुग्णाचं नाव मात्र सांगणार नाही.

प्रत्येक देणगीची पावती मिळेल. वस्तुरूपात दिलेल्या देणगीवर आयकरात सवलत मिळत नाही, हे आधीच लक्षात घ्यावं.

साहित्य अनंत चतुर्दशीपर्यंत रोज सकाळी आणि त्यानंतर सर्वपित्री अमावास्येपर्यंत दर रविवारी सभामंडपात स्वीकारलं जाईल. जड वस्तूंसाठी आदल्या दिवशी निरोप द्या, माणसं घरी येतील.

आपली,
रुग्णसाहित्य समिती, ग्रामविकास मंडळ