फ्रीजर वितळल्यानंतरचा निर्णय नाकावर सोपवू नये

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मे महिना संपत आला की कोकण किनाऱ्यावरच्या घराघरांतले फ्रीजर भरू लागतात. १ जूनपासून यांत्रिक नौकांची मासेमारी बंद होते, म्हणून सुरमईच्या तुकड्या, सोललेली कोळंबी, साफ केलेले बांगडे असा पावसाळ्याचा साठा केला जातो आणि त्याच्या जोडीला आमरसाचे डबे, खवलेला नारळ, सोललेले मटार हेही असतातच. नेमक्या याच दिवसांत आपल्याकडे वीज सर्वाधिक बेभरवशाची असते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली या तालुक्यांतील कित्येक गावांत वीज परत यायला आठवडे लागले; पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळाने सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीत खांब आणि तारा पाडल्या. वादळच हवे असे नाही. रोहित्र जळणे, घरातला एमसीबी पडणे, साफसफाईच्या वेळी बंद केलेले बटण तसेच राहून जाणे, गच्च भरलेल्या फ्रीजरचे दार नीट न लागणे, यांपैकी काहीही पुरेसे असते.

अशा वेळी घरात जो निर्णय होतो तो बहुधा दोन गोष्टींवर होतो. वास घेऊन पाहिला जातो आणि वास आला नाही तर ‘चांगले उकळून घेऊ’ असे ठरते. या दोन्ही कसोट्या अपुऱ्या आहेत आणि माशांच्या बाबतीत तर धोकादायक आहेत, हे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

गोठवल्याने जीवाणू मरतात असा आपल्यापैकी अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात उणे १८ अंश सेल्सिअसला त्यांची वाढ फक्त थांबते. अन्न वितळून ४ अंशांच्या वर गेले की ती पुन्हा सुरू होते आणि कोकणातल्या मे-जूनच्या उष्म्यात ती फार वेगाने होते. अनुकूल तापमानात काही जीवाणूंची संख्या सुमारे २० मिनिटांत दुप्पट होते. या हिशेबाने एका जीवाणूचे सात तासांत वीस लाख होऊ शकतात. शिवाय पिशवीतला मासा बाहेरून आधी वितळतो, त्यामुळे आतला भाग दगडासारखा कडक असतानाही बाहेरचा थर बराच वेळ ऊब धरून राहिलेला असू शकतो. आणि जे जीवाणू माणसाला आजारी पाडतात ते अन्नाचा वास, रंग किंवा चव बदलतीलच असे मुळीच नाही. दुर्गंधी आणणारे जीवाणू बहुतांशी वेगळे असतात.

उकळण्याबद्दलचा विश्वास अधिक खोल रुजलेला आहे, म्हणून त्याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो. उकळल्याने बहुतेक जिवंत जीवाणू मरतात हे खरे. परंतु त्यांतील काहींनी तोपर्यंत अन्नात सोडलेले विष उकळूनही नष्ट होत नाही. स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जीवाणूचे विष असे आहे, आणि शिजवून ठेवलेल्या भातासारख्या पदार्थांत वाढणाऱ्या बॅसिलस सिरियसचे उलट्या घडवणारे विषही तसेच आहे. बांगडा, तारली, सुरमई, कुपा या माशांची गोष्ट तर आणखी वेगळी आहे. यांच्या मांसात हिस्टिडीन नावाचे द्रव्य नैसर्गिकरीत्या भरपूर असते आणि मासा ऊब धरून राहिला की जीवाणू त्याचे हिस्टामीन करतात. एकदा तयार झालेले हिस्टामीन तळून जात नाही, तिरफळे घालून केलेल्या कालवणात उकळून जात नाही आणि पुन्हा गोठवूनही जात नाही. असा मासा खाल्ल्यावर काही मिनिटांपासून दोन-तीन तासांत चेहरा लाल होतो, अंगावर पित्ताच्या गांधी उठतात, डोके दुखते, तोंडात जळजळ होते, छातीत धडधडते. घरचे म्हणतात, ‘याला मासे सोसत नाहीत’, आणि खरे कारण कोणाच्या लक्षातच येत नाही. वितळलेले बांगडे खारवून वाळवावेत, म्हणजे वाया जाणार नाहीत, हा सल्लाही पुष्कळदा दिला जातो. एक तर त्या दिवसांत ऊन नसते आणि दुसरे म्हणजे जे हिस्टामीन आधीच तयार झाले आहे त्यावर मिठाचा काही परिणाम होत नाही.

मग निर्णय कशावर करावा? तापमानावर आणि वेळेवर. अन्नसुरक्षेच्या क्षेत्रात जगभर मान्य असलेले आडाखे सोपे आहेत. दार उघडले नाही तर पूर्ण भरलेला फ्रीजर सुमारे ४८ तास थंडी धरून ठेवतो, अर्धा भरलेला सुमारे २४ तास, आणि फ्रीजचा खालचा भाग केवळ ४ तास. यातले फ्रीजरचे आकडे मी आपल्याकडच्या फ्रीजच्या वरच्या छोट्या कप्प्यासाठी जसेच्या तसे धरणार नाही. दमट उकाड्यात आणि जुन्या, सैल झालेल्या रबरी पट्टीच्या दारामागे त्याहून कमी वेळ धरणे शहाणपणाचे ठरेल. वीज आल्यावर ज्या पदार्थात बर्फाचे कण अजून हाताला लागतात, किंवा ज्याचे तापमान ४ अंश वा त्याहून कमी आहे, तो पुन्हा गोठवता येतो किंवा लगेच शिजवून खाता येतो. चव आणि पोत थोडा उतरेल, अपाय होणार नाही. म्हणूनच तीन-चार तास वीज गेली म्हणून सगळाच फ्रीजर कचऱ्यात रिकामा करणेही चुकीचे आहे. मात्र मासे, मटण, चिकन, अंडी, खवा, पनीर, पुरण, शिजवलेले अन्न ४ अंशांच्या वर दोन तासांहून अधिक राहिले असेल, तर ते टाकलेच पाहिजे. घरातली हवा ३२ अंशांच्या वर असेल तर ही मर्यादा एका तासाची समजावी. आमरस आंबट असल्याने तुलनेने सुरक्षित, पोळ्या आणि पावही. पण खवलेला नारळ त्या गटात बसत नाही, तो मासळीइतकाच नाजूक समजावा. आणि माशाच्या पिशवीतून गळलेले पाणी ज्या पदार्थाला लागले असेल तो कितीही थंड असला तरी ठेवू नये. मासे नेहमी खालच्या बाजूला, ताटात किंवा डब्यात ठेवले तर हा प्रश्नच उद्भवत नाही.

सर्वांत फसवे असते ते आपल्या पाठीमागे झालेले वितळणे. गणपतीसाठी मुंबई-पुण्याचे बिऱ्हाड कुलूप लावून गावी जाते, मधल्या काळात वीज दीड-दोन दिवस जाते, परत येते, आणि घरी आल्यावर फ्रीजरमध्ये सारे कडक गोठलेले दिसते. त्यासाठी एक साधी युक्ती आहे. वाटीभर पाणी फ्रीजरमध्ये पूर्ण गोठवून त्यावर एक रुपयाचे नाणे ठेवून जावे. परतल्यावर नाणे तळाशी किंवा मध्ये रुतलेले दिसले तर बर्फ वितळून पुन्हा गोठला आहे, आणि मासळीच्या बाबतीत संशयाला जागा ठेवू नये. नाणे नसेल तर ट्रेमधले बर्फाचे खडे एकमेकांना चिकटून सपाट झाले आहेत का, पिशव्यांच्या तळाशी लालसर पाणी गोठले आहे का, हे पाहावे. फ्रीजरमध्ये ठेवायचा तापमापक काही शे रुपयांत मिळतो. हजारोंचे मासे भरणाऱ्या घरात तो असायलाच हवा.

अन्नाला आपण पूर्णब्रह्म मानतो, त्यामुळे ते टाकताना हात थांबतो, हे मी समजू शकतो. वर्षभरात एकदाच परवडणारी सुरमई टाकणे सोपे नसते. परंतु आपल्याला खायला धीर होत नाही म्हणून ती घरकामाला येणाऱ्या बाईंना किंवा रखवालदाराला देणे, हे मी अनेकदा पाहिले आहे आणि त्याला दान म्हणता येणार नाही. लहान मुले, गर्भवती, वृद्ध आणि मधुमेही यांना अशा अन्नाचा त्रास अधिक होतो, आणि ज्याचा आजारपणात दिवसाचा रोज बुडतो त्याला तो परवडतही नाही.

वादळापूर्वीच्या ज्या सरकारी सूचना माझ्या वाचनात आल्या, त्यांत विजेरी, पिण्याचे पाणी, औषधे, कागदपत्रे यांचा उल्लेख होता, फ्रीजरमधल्या अन्नाचा नव्हता. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणांनी त्यात चार ओळी घालाव्यात: दार उघडू नका, वीज गेल्याची वेळ लिहून ठेवा, बर्फाचे कण नसतील तर मासे ठेवू नका, चाखून पाहू नका. वीज वितरण कंपनीकडून नियोजित दुरुस्तीसाठी वीज बंद राहण्याचे जे संदेश मोबाइलवर येतात, त्यांतही एक ओळ सहज मावेल. गोठवलेल्या पदार्थांच्या पाकिटांवर ‘एकदा वितळल्यावर पुन्हा गोठवू नये’ ही सूचना बारीक इंग्रजी अक्षरांत असते. महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या पाकिटांवर ती मराठीत असावी. आणि आपल्या वृत्तपत्राला विनंती अशी, की मेच्या शेवटच्या आठवड्यात, मासळी बाजारात साठवणुकीची गर्दी असते तेव्हा, ही माहिती एखाद्या चौकटीत छापावी, म्हणजे ती कापून फ्रीजच्या दारावर चिकटवता येईल.

आपला,
एक वाचक, दापोली