बारावीनंतरचे रिकामे महिने आणि पहिल्या सेमिस्टरच्या केट्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जून आला की सगळ्याच पेपरांत कटऑफ, कॅप राउंड (इंजिनीअरिंगच्या केंद्रीय प्रवेशाच्या फेऱ्या), कॉम्प्युटरला किती डिमांड आणि सिव्हिलच्या किती जागा रिकाम्या, याच्या बातम्या सुरू होतात. ठीक आहे, पालकांना ते हवंच असतं. पण प्रवेश मिळाल्यावर पुढच्या चार महिन्यांत त्या पोरांचं काय होतं, पहिल्याच सेमिस्टरला केट्या (नापास होऊन राहिलेले विषय) का लागतात, यावर कोणी अवाक्षर काढत नाही, म्हणून हे पत्र. मी मराठवाड्यातल्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात फर्स्ट इयरला गणित शिकवते, म्हणजे पोरं ज्याला एम-वन म्हणतात आणि ज्याच्या नावानं बोटं मोडतात तो विषय माझ्याकडे.

आधी कॅलेंडर बघा. बारावीची परीक्षा मार्चमध्ये आटोपते. 2025 ला तर बोर्डाने रिझल्टसुद्धा 5 मेलाच लावला. पण सीईटीचा, म्हणजे प्रवेश परीक्षेचा, निकाल जूनमध्ये, मग रजिस्ट्रेशन, एफसी सेंटरला कागदपत्रं तपासणी, मेरिट लिस्ट, हरकती, ऑप्शन फॉर्म, हे सगळं होऊन पहिल्या राउंडची सीट हातात पडेपर्यंत जुलै संपत येतो, आणि शेवटचे राउंड नि इन्स्टिट्यूट लेव्हलचे प्रवेश तर सप्टेंबरपर्यंत रेंगाळतात. म्हणजे सीईटी दिल्यावर पोरगं तीन महिने घरी. शहरातल्या पोरांचे आईबाप त्यात कोडिंगचा क्लास लावतात, स्पोकन इंग्लिश लावतात, कोणी कोणी तर एम-वनचा क्लाससुद्धा आधीच लावून टाकतात. गावाकडचं पोरगं पेरणीला बापाच्या हाताखाली असतं, नाहीतर मामाच्या ओळखीने चाकण-रांजणगावला एखाद्या कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर. नंतर दोघं एकाच बाकावर येऊन बसतात आणि आपण म्हणतो की आता मैदान सारखं झालं.

अमेरिकेत या उन्हाळ्यातल्या तयारीला समर ब्रिज म्हणतात. बर्कलेच्या विद्यापीठात ते 1973 पासून चालू आहे. मला त्यातला जास्त पटलेला नमुना मेरीलँड विद्यापीठाच्या बाल्टिमोर काउंटी कॅम्पसमधल्या मायरहॉफ स्कॉलर्सचा. 1988 मध्ये रॉबर्ट मायरहॉफ यांच्या देणगीतून तो कार्यक्रम सुरू झाला, सुरुवातीला फक्त कृष्णवर्णीय मुलांसाठी, नंतर सगळ्यांना खुला केला. कॉलेज सुरू व्हायच्या आधी सहा आठवडे ही मुलं कॅम्पसवर एकत्र राहतात, गणिताचे खरेखुरे तास करतात, गटात अभ्यास करायची सवय लावून घेतात. पुढे पेन स्टेट आणि चॅपल हिलच्या विद्यापीठांनी तोच साचा उचलला. त्यांच्याकडे पैसा आहे, आपल्याकडे नाही, हे मान्य. पण कॉलेज सुरू व्हायच्या आधी शिकवायचं आणि शिकवायचं म्हणजे खरोखर विषयच शिकवायचा, या दोन गोष्टींना काही डॉलर लागत नाहीत.

आपल्याकडे कागदावर सगळं आहे बरं का. एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने, फर्स्ट इयरच्या मुलांना कॉलेजात रुळवायला तीन आठवड्यांचा इंडक्शन प्रोग्राम सांगून ठेवलाय, यूजीसीने 2019 ला त्याच धर्तीचं दीक्षारंभ आणलं. प्रत्यक्षात प्रवेश लांबल्यामुळे सेमिस्टर आधीच आखडलेलं असतं, मग बऱ्याच ठिकाणी तीन आठवड्यांचे पाच-सहा दिवस होतात, आणि त्यातसुद्धा संस्थाचालकांचं मनोगत, एक मोटिव्हेशनल स्पीकर, एक दिवस योगा आणि बँकेचा माणूस येऊन एज्युकेशन लोनवर बोलून जातो. पोरं मागच्या रांगेत रील बघत बसतात, मी त्यांना दोष देत नाही, मीही मागेच बसलेली असते.

खरी गोम पुढे आहे. हे इंडक्शन पहिल्या-दुसऱ्या राउंडवाल्यांसाठी होतं. ज्याचं जात पडताळणीचं व्हॅलिडिटी सर्टिफिकेट अडकलं होतं, ज्याच्या घरी फीचे पैसे गोळा व्हायला वेळ लागला, ज्याला बेटरमेंट (मिळालेली सीट धरून पुढच्या राउंडला आणखी चांगली मागणं) कशाशी खातात हे सांगणारं कोणी नव्हतं, ते पोरगं शेवटच्या राउंडला येतं, तोपर्यंत इंडक्शन संपलेलं असतं आणि माझी मॅट्रिक्सची युनिट पण संपलेली असते. ज्याला सगळ्यात जास्त गरज तोच नेमका उशिरा येतो, दरवर्षी. डायरेक्ट सेकंड इयरला येणाऱ्या डिप्लोमावाल्यांचे हाल तर वेगळेच, त्यांनी एम-वन, एम-टू केलेलंच नसतं आणि आल्या आल्या समोर त्याच्या पुढचं लाप्लास ट्रान्सफॉर्म.

गेल्या वर्षीचा एक व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, सांगते. बीड जिल्ह्यातला मुलगा, दहावीपर्यंत झेडपी आणि आश्रमशाळा. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी, एक्स्टर्नलनी, इंग्रजीत विचारलं, व्हॉट इज द रँक ऑफ अ मॅट्रिक्स. गडी खाली मान घालून गप्प. सरांनी शेरा मारायला पेन उचललं तेव्हा मी म्हटलं, बाळा, या मॅट्रिक्सची रँक काढून दाखव. त्याने कागद ओढला, रो ऑपरेशन सुरू केली, खालची रो सगळी झिरो आली तिला गोल केला आणि म्हणाला, मॅडम, दोन. बरोबर होतं. अकरावी-बारावी सायन्सची पुस्तकं इंग्रजीत असतात हे खरं, पण तालुक्याच्या ज्युनिअर कॉलेजात सर शिकवतात मराठीतच, आणि हजेरी लागते कॉलेजात, अभ्यास होतो क्लासमध्ये, तिथेही एमसीक्यूचे चार पर्याय. चारपैकी एक निवडायला इंग्रजीत तोंड उघडावं लागत नाही. चार-सहा आठवडे कोणी रोज फळ्यासमोर उभं करून बोलायला लावलं असतं तर त्याची भीड चेपली असती. ग्राफिक्सचंही, म्हणजे इंजिनीअरिंग ड्रॉइंगचंही तेच, मिनी ड्राफ्टर (रेघा मारायचं साधन) शीटला कसा लावायचा हेच ज्याला माहीत नाही त्याला तुम्ही पहिल्या आठवड्यात प्रोजेक्शन ऑफ लाइन्स देता.

आणि अभ्यासाच्या बाहेरचं. महाडीबीटीचा, म्हणजे सरकारी स्कॉलरशिपच्या पोर्टलचा, फॉर्म भरताना पोरं कुठलंही खातं देतात, पैसे मात्र आधारला जे खातं सीड केलंय, म्हणजे जोडलंय, त्यातच जातात, मग स्कॉलरशिप आली का नाही म्हणून वर्षभर ऑफिसच्या खिडकीशी चकरा. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना 2024-25 पासून ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली, पण हॉस्टेल न मिळालेल्या एससीच्या मुलांसाठी स्वाधार योजनेची मदत आहे, पंजाबराव देशमुख वसतिगृह भत्ता आहे, हे प्रवेशाच्या दिवशी किती जणांना माहीत असतं? एका दुपारचं काम आहे हो हे, क्लार्कला समोर बसवून फॉर्म भरून दाखवायचा, बस.

2021 ला एआयसीटीईने काही ब्रँचसाठी बारावीला फिजिक्स-मॅथ्सची सक्ती सैल केली तेव्हा सांगितलं होतं की विद्यापीठं अशा मुलांसाठी ब्रिज कोर्स घेतील. दार मोठं केलं, पायरी बांधायची राहिली.

माझं म्हणणं एवढंच की हा ब्रिज कोर्स कॉलेज मिळायची वाट बघत थांबवू नका. सीट कुठे लागेल ते लागो, मॅट्रिक्स सगळीकडे तीच आहे. सीईटीचा पेपर झाला की जूनमध्ये प्रत्येक तालुक्याच्या सीनिअर कॉलेजात सकाळचे तीन तास वर्ग घ्या, गणित, ड्रॉइंगचे बेसिक्स, इंग्रजीत बोलणं आणि फॉर्म-बिर्म. पोरगं रात्री घरी झोपेल, हॉस्टेलचा खर्च नाही. पण फुकट आहे म्हणून सगळे येतील असंही नाही, कारण जूनची मजुरी बुडते. त्यासाठी थोडा का होईना भत्ता द्यावा लागेल. यात नवं काही नाही, कर्मवीरअण्णांनी 1947 ला साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं तेच कमवा आणि शिका म्हणून, त्यांना ठाऊक होतं की पोटाचं बघितल्याशिवाय पोरगं वर्गात टिकत नाही.

शिकवणार कोण म्हणाल तर तासिका तत्त्वावरचे आमचे कितीतरी सहकारी मे-जूनमध्ये बिनपगारी घरी बसलेले असतात, नेट-सेट, पीएचडी झालेले. त्यांना तासाप्रमाणे मानधन द्या आणि तेही त्याच महिन्यात, दिवाळीनंतर नको. आणि आम्ही पर्मनंट लोक सुट्टीत शिकवायला गेलो तर ते दिवस ऑन ड्युटी धरावेत, म्हणजे आमच्यातलेही काही जण घराबाहेर पडतील.

आपली,
फर्स्ट इयरला गणित शिकवणारी एक प्राध्यापिका
(कृपया नाव आणि कॉलेज छापू नये)